आवडलं म्हणून

मुलाखतीला आलेल्या त्या मुलीचं सगळं चांगलं होतं. बी.कॉम.ला पहिला वर्ग, टॅली येतं, मराठी टायपिंग येतं, बोलणं स्वच्छ आणि नजर समोर. आमच्या पतसंस्थेत काउंटरवरची क्लार्कची एक जागा भरायची होती आणि शाखा मी सांभाळते म्हणून मुलाखत घेणाऱ्यांत मलाही बसवलं होतं. प्रमाणपत्रांची फाइल पुढे सरकवताना तिच्या कुडत्याची बाही जराशी वर गेली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला ज्वारीचं एक कणीस दिसलं. बोटाच्या दोन पेरांएवढं, बारीक रेषांचं, दाण्यांच्या जागी नुसते ठिपके. कानाच्या वरच्या कडेलाही चांदीच्या दोन इवल्या बाळ्या होत्या. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या संचालकांनी अगदी मायेनं विचारलं, "बाळ, हे हातावर काय काढलंयस?" ती म्हणाली, "कणीस आहे सर, शाळूचं." "ते दिसतंय गं. पण कशासाठी?" ती क्षणभर थांबली. काहीतरी शोधून सांगावं का, असा विचार तिच्या चेहऱ्यावरून गेल्यासारखा वाटला मला. मग ती सरळ म्हणाली, "आवडलं म्हणून."

त्यानंतर तिला कुणी काही विचारलं नाही. ती बाहेर गेल्यावर "मुलगी हुशार आहे, पण..." अशी सुरुवात झाली. ठेवीदार जुन्या वळणाचे आहेत, आपली संस्था म्हणजे काही मॉल नव्हे, आज मनगटावर आहे उद्या मानेवर येईल. शेऱ्याच्या रकान्यात 'व्यक्तिमत्त्व' या शब्दापुढे कुणीतरी लिहिलं, 'काउंटरसाठी विचार करावा'. हे सगळं चाललेलं असताना आमच्या मावशी चहा घेऊन आल्या. मावशींच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे. तुळस आहे, विंचू आहे, ठिपक्यांच्या ओळी आहेत, भावाचं नाव आहे. कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, हिरवट टिकली गोंदलेली आहे आणि हनुवटीवर एक ठिपका. त्यांनी एकेकापुढे कप ठेवला, प्रत्येकाच्या समोरून तो गोंदलेला हात गेला, आणि मनगटावरच्या कणसाची चर्चा न अडखळता पुढे चालू राहिली.

मी माझं म्हणणं मांडलं. तिचं काम बघा, हात बघू नका, असं स्पष्ट सांगितलं. शेवटी तिला घेतलं, पण तोंडी एक अट घालून: काउंटरवर पूर्ण बाही हवी, आणि कानात एकच जोड. ती हो म्हणाली. नोकरी हवी असलेलं माणूस आणखी काय म्हणणार!

मला मात्र त्या दिवसापासून तिचं ते उत्तर सोडेना. त्या खोलीत बिनसलं ते कणसामुळे नव्हे, त्या दोन शब्दांमुळे, याची मला आता खात्री आहे. ती जर म्हणाली असती की आजीनं लहानपणी गोंदवलं, किंवा आमच्या कुळाचारात आहे, किंवा नवस होता, तर तेच संचालक "हां हां" करून पुढचा प्रश्न विचारते झाले असते. कदाचित कौतुकही झालं असतं. दुसऱ्यानं केलेलं, रूढीनं केलेलं, घरातल्यांनी हात धरून केलेलं आम्हाला चालतं. स्वतःच्या मनानं, स्वतःच्या पगारातून, कुणाला न विचारता केलेलं चालत नाही. त्यातून ते एखाद्या मुलीनं केलेलं असेल तर मुळीच नाही.

माझ्या आजीच्या हातावर असंच गोंदण होतं. दुपारी ती भिंतीला टेकून बसली की मी तिचा हात मांडीवर घेऊन त्या रेषांवरून बोट फिरवायची. उन्हानं रापलेली, सुरकुतलेली कातडी आणि तिच्या आत रुतून बसलेला हिरवट निळा रंग. घातलं होतं ते काळं काजळ, मग हे हिरवं कसं दिसतं, असा प्रश्न मला तेव्हा पडायचा. कातडीच्या खालच्या थरात बसलेला काळा रंग वरून येणाऱ्या उजेडाच्या विखुरण्यामुळे निळसर दिसतो, हे पुष्कळ नंतर वाचलं. आजी सांगायची ते वेगळंच होतं. ती सात-आठ वर्षांची असताना सुगीच्या दिवसांत गोंदणारी बाई खळ्यावर आली. दोघी चुलत्यांनी हात दाबून धरला, तिसरी पायांवर बसली. दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया, दिव्याची काजळी आणि कसल्यातरी पाल्याचा रस. टोच-टोच-टोच. रडून रडून घसा बसला, मग हळद-तेल लावलं, रात्री ताप भरला. गोंदणारीला पायलीभर जोंधळे आणि एक जुनं लुगडं दिलं. "आन् तुला ईचारलं न्हाई व्हय, काय काढू म्हनून?" मी तिच्याच भाषेत विचारायची. ती हसायची. "पोरीला काय ईचारायचं असतंय?" मग लगेच गंभीर होऊन सांगायची की सोनंनाणं समदं हितंच ऱ्हातंय, मेल्यावर संगं येतंय ते एवढंच.

या दोन वाक्यांतलं दुसरं आम्ही पुष्कळ मिरवलं. लोकसंस्कृतीवरच्या भाषणांत ते हमखास येतं, आणि ते सुंदर आहेच. बाईच्या नावावर काहीच नसायचं त्या काळात कातडीवरची नक्षी तरी तिची, कुणाला काढून घेता न येणारी, या विचारानं माझ्याही पोटात कालवतं. पण पहिलं वाक्य कुणी सांगत नाही. पोरीला काय विचारायचं असतं!

कानांचंही तसंच. आमच्याकडे बाराव्या दिवशी सोनार घरी येतो, सोन्याची तार पुढे करतो, आणि पाळण्यातलं मूल किंचाळतं. बायका त्याला ओवाळतात. सोनारानंच कान टोचावेत हे आपण म्हणीतही घालून ठेवलंय. पुढे मुलगी मोठी झाली की नाक टोचायचं, डाव्या बाजूला, म्हणजे लग्नात नथ घालता येते. आमच्या ऑफिसात नाकात चमकी असलेल्या चारजणी आहेत, त्यांच्या चमकीकडे कुणाचं लक्षही जात नाही. त्या मुलीच्या कानाच्या वरच्या कडेला ज्या दोन बाळ्या होत्या, ती जागा तर आपल्या जुन्या बायकांची बुगडीची जागा. आजीच्या कानाच्या वरच्या कडेला मोत्याची बुगडी असायची, खाली कुडी. कडेचं ते भोक अगदी तेच, सुईही तशीच. फरक एवढाच की एक भोक सासू-आजेसासूंनी पाडून घेतलं आणि दुसरं पोरगी शनिवारी मैत्रिणीबरोबर जाऊन पाडून आली.

पुरुषांचं बघा. दरवर्षी गणपतीच्या आधी आमच्याकडे 'ट्रॅडिशनल डे' होतो. मुलं झब्बा, फेटा घालून येतात, आणि हल्ली ढोल-ताशा पथकातल्या पोरांमुळे कानाच्या वरच्या पाळीत मोत्याची भिकबाळीही सर्रास दिसते. पेशवाईतल्या चित्रांत नाना फडणवीसांच्या कानात दिसते तशी. वसुलीचं काम बघणारा आमचा एक तरुण सहकारी त्या दिवशी भिकबाळी घालून आला होता. अध्यक्षसाहेबांनी स्वतः त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला, संस्थेच्या ग्रुपवर टाकला. पोरानं कान खरंच टोचून घेतला होता, चापाची भिकबाळी नव्हती. भोक बुजू नये म्हणून पुढच्या सोमवारी तो त्याच भोकात एक बारीक काळा खडा घालून आला, तर त्याला बोलावून सांगण्यात आलं की हे बरं दिसत नाही, कर्जदार काय म्हणतील! तो बिचारा गोंधळून माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, भोक तर तेच आहे ना?" मला त्याला काय सांगावं कळेना. शनिवारी त्या भोकात पेशवाई होती म्हणून ते शोभलं. सोमवारी त्यात तो स्वतः होता.

गोंदणापायी नोकरीच अडते अशी एक जागा मात्र आहे, आणि तिथली गोष्ट माझ्या घरातलीच आहे. माझ्या चुलतभावाचा मुलगा गेली दोन वर्षं भरतीची तयारी करतोय. स्टाफ सिलेक्शनची जीडी, म्हणजे सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ वगैरे केंद्रीय दलांतल्या शिपायांची भरती. पहाटे माळावर पळतो, अकॅडमीत राहतो. पहिल्याच दिवशी तिथल्या सरांनी पोरांना ओळीत उभं करून बाह्या वर करायला लावल्या. याच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, त्याचं नाव आहे. चार-पाच वर्षांचा असताना जतच्या यल्लमाच्या जत्रेत त्याच्या आजीनं ते गोंदवून घेतलं होतं, गर्दीत पोर हरवलं तर नाव तरी कळेल म्हणून. बॅटरीवर चालणारी मशीन घेऊन बसणारे जत्रेत असायचेच, देवाचं नाव, बदाम, ॐ, ज्याला जे हवं ते. याचं नाव जरा तिरकं आलंय आणि शेवटच्या अक्षराचा काना त्याच्याबरोबर वाढत जाऊन लांबलाय.

केंद्रीय दलांच्या वैद्यकीय तपासणीचा नियम असा, की धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं, पण पारंपरिक जागीच हवं: फक्त डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, किंवा पंजाच्या मागच्या बाजूला. आकार त्या अवयवाच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी हवा. उजवा हात सलामीचा, म्हणून तिथे नको. सैन्यातही हाताची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू एवढीच मुभा, आदिवासी जमातींना मात्र त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत. सोलापूरकडच्या एका तरुणाला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीत हातावरच्या धार्मिक गोंदणावरून बाद केलं होतं. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१७ साली निकाल त्याच्या बाजूनं लागला. मला त्याचा आनंद वाटतो, मनापासून. आमच्या पोराला मी त्या निकालाबद्दल सांगितलंही. पण तो नियम पुन्हा वाचताना जाणवलं की इथेही तीच गाळणी आहे. देव चालतो, नाव चालतं, रूढी चालते. शाळूचं कणीस कुठल्या खान्यात बसवणार?

सध्या आमचा पोरगा हातावरचं नाव काढायला मिरजेला लेझर घेतोय. एकदा मी त्याच्याबरोबर गेले होते. डोळ्यांवर जाड चष्मे देतात, खोलीत एसीचा गारठा असतो. मशीनचा टक्-टक् आवाज सुरू झाला की अक्षरावरची कातडी क्षणात पांढरी फटक होते आणि केस जळल्याचा वास येतो. प्रकाशाचा तो झटका सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शांत मोजतात. कातडीतला रंग त्यानं फुटून बारीक होतो, आणि मग शरीरातल्या पांढऱ्या पेशी तो हळूहळू वाहून नेतात. म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा-आठ आठवडे थांबावं लागतं. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा चिवट. जत्रेतल्या गोंदणाचा रंग कुठे उथळ कुठे खोल गेलेला असतो, त्यामुळे याच्या नावाचं मधलं अक्षर पुसट झालंय आणि पहिलं जसंच्या तसं आहे. पोरगा दात आवळून छताकडे बघत होता. त्याची आजी घरी स्वतःला दोष देत बसलीय, "माझ्यापायी पोराचं झालं." तिला काय माहीत होतं? तिच्या हिशेबी नाव गोंदणं म्हणजे पोराला सांभाळणं होतं.

गोंदणाबद्दलच्या सगळ्याच अटी मला चुकीच्या वाटतात असं नाही. आमच्याकडच्या रक्तदान शिबिरात डॉक्टर विचारतात, टॅटू काढून किती दिवस झाले? वर्ष झालं नसेल तर परत पाठवतात. योग्यच आहे ते. एकच सुई दहाजणांना टोचणाऱ्या जत्रेतल्या मशीननं कावीळ बी, सी आणि एचआयव्हीसुद्धा पसरू शकतो. खरं तर गोंदणाबद्दल माझ्या मनात भीती आहे ती एवढीच. गल्लीबोळात उघडलेल्या टॅटूच्या दुकानांत जाणाऱ्या पोरांना मी दरवेळी सांगते, सुई तुमच्यासमोर पाकिटातून फोडायला लावा. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्याला अंगठी, कडं, कानातलं काढावं लागतं, कारण फिरत्या यंत्रात बोट जाईल. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात दागिने चालत नाहीत, मंगळसूत्र असो की भुवईतली रिंग. या नियमांना कारण आहे आणि ते सगळ्यांना सारखं लागू आहे. कुणाचा संस्कार, कुणाची हौस, हे ते विचारत नाहीत. अशा नियमापुढे मी आनंदानं मान तुकवीन.

आणि हेही सांगते, गालावर किंवा गळ्यावर मोठं चित्र काढलेलं माणूस समोर आलं की माझी नजर आधी तिथेच जाते. बोलण्याकडे लक्ष द्यायला दोन मिनिटं लागतात. कुणाच्या नावाचा बदाम दंडावर कोरून घेतलेली कोवळी पोरं बघितली की काळजी वाटते, कारण वय सरतं आणि नाव राहतं. अंगावर शिवी किंवा कुणाच्या जातीधर्माचा द्वेष गोंदवून कुणी आमच्या काउंटरवर बसतो म्हणाला तर मी स्वतः नाही म्हणेन. ठेवीदारांचा विचार करायचा नाही असं माझं म्हणणं मुळीच नाही. त्यांच्याच पैशावर संस्था चालते.

पण ठेवीदार म्हणजे कोण, हे मला संचालकांपेक्षा जास्त माहीत आहे. माझी निम्मी नोकरी काउंटरवर गेली. आमचे जुने ठेवीदार म्हणजे दुष्काळी पट्ट्यातली माणसं. डाळिंबाचे, बेदाण्याचे पैसे आणून ठेवणारी. त्यांच्यातल्या बहुतेक म्हाताऱ्यांच्या हातांवर गोंदण आहे. पैसे काढायला येतात तेव्हा स्लिपवर अंगठा घेताना तो हात मी धरते, म्हणून मला ते जवळून माहीत आहे. हनुवटीवर तीन ठिपके असलेल्या बाईला मनगटावरच्या कणसाचं भय वाटेल, असं आम्ही एसी केबिनमध्ये बसून ठरवतो. तिला भय वाटतं ते दुसऱ्याच गोष्टींचं. पासबुकावर एंट्री झाली का? व्याज ठरल्याप्रमाणे लागलं का? मुलगा येऊन परस्पर सही करून तर गेला नाही ना? काउंटरवरचं माणूस खेकसेल का? त्या मुलीच्या खिडकीशी हल्ली रांग जरा लांब असते, कारण ती नोटा दोनदा मोजते आणि म्हाताऱ्यांना आकडा मोठ्यानं वाचून दाखवते.

मावशींना कुणी पूर्ण बाही घालायला सांगितलं नाही याचं मला सुरुवातीला बरं वाटलं होतं. विचार करत गेले तसं ते बरं वाटणं ओसरलं. वार्षिक अहवालात सगळ्या कर्मचाऱ्यांचा फोटो छापला जातो. मागचे अहवाल काढून बघितले, एकातही मावशी नाहीत. फोटोच्या वेळी त्या आत कप विसळत असणार. त्यांचे हात झाकायला कुणी सांगत नाही, कारण ते हात संस्थेचे आहेत असं कुणी धरलेलंच नाही. 'दर्शनी भाग' हा शब्द आमच्या सभेत फार वापरला जातो. त्या दर्शनी भागात कोण बसणार, हे आधी ठरतं आणि मग तिथल्या कातडीचे नियम.

एप्रिलमध्ये इकडे दुपारी पंखासुद्धा गरम हवा फेकतो. ती मुलगी मनगटाला बटण लावलेल्या बाहीत बसते. व्हाउचर घेताना, शिक्का मारताना बाहीची कड स्टॅम्प पॅडला घासते आणि तीन वाजेपर्यंत जांभळी होते. ती रोज घरी जाऊन घासते म्हणे, डाग जात नाही. मी एकदा तिला सांगितलं, घे वर बाही, मी बघते कोण बोलतं ते. ती म्हणाली, "नको मॅडम, कन्फर्म होऊ दे आधी." इतकी शहाणी आहे ती, आणि एवढ्या लहान वयात एवढं सांभाळून राहावं लागणं मला खुपतं.

पुढच्या सभेत 'कर्मचाऱ्यांचा पेहराव' हा विषय मी पत्र देऊन घ्यायला लावलाय. तिला घातलेली अट तोंडी होती, ती इतिवृत्तात नोंदवून मागे घ्यावी, असं मी मागणार आहे. कानातलं, चमकी, भिकबाळी, गोंदण, टॅटू, सगळ्यांना एकच नियम असावा, अध्यक्षांच्या हातातल्या गंड्यापासून शिपायाच्या कड्यापर्यंत. अपवाद फक्त अपमानकारक मजकुराचा. मुलाखतीत उमेदवाराच्या अंगावरच्या कशाहीबद्दल 'कशासाठी' हा प्रश्न विचारायचा नाही, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'विचार करावा' असं लिहिणाऱ्यानं काय विचार करावा तेही लिहून खाली सही करावी. दोघा संचालकांशी आधीच बोलून ठेवलंय. एक तयार आहेत. दुसरे म्हणाले, "ताई, सूट दिली तर उद्या सगळेच काढून घेतील." मी म्हटलं, घेऊ देत की अण्णा, त्यांच्या हाताचं त्यांनाच ठरवू दे, आपण त्यांची कॅश जुळते का ते बघू.